बेकायदेशीर आमिष वापरू नये

बद्रीनाथ मोटघरे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला होते आणि त्यातली बरीच वर्षं त्यांनी भरारी पथकात काढली. भरारी पथकातला माणूस निवृत्त होतो, त्याची नजर निवृत्त होत नाही. कोणी शर्टाची बाही सारखी केली, की बद्रीनाथांना तिच्यात चिठ्ठी दिसते. भाजीवाल्यानं मेथीची जुडी वरून दाखवली, की ते ती आतून उघडून पाहतात. सोसायटीच्या गणपतीत लोक पुस्तकात बघून आरती म्हणू लागले, की यांच्या चेहऱ्यावर एक जुनी वेदना उमटते.

अशा माणसावर त्याच्या सख्ख्या नातीनंच संशय घ्यावा, यासारखं दुर्दैव नाही. तो संशय एका रविवारी, भर दुपारी, रोहूच्या कालवणाच्या साक्षीनं घेतला गेला.

दर रविवारी मोटघऱ्यांकडे मासा होतो. खडकवासल्याच्या रस्त्यावर एक बाई टोपलीत ताजा मासा घेऊन बसते, तिच्याकडून बद्रीनाथ स्वतः आणतात आणि कल्ले उघडून लाली तपासल्याशिवाय पैसे देत नाहीत. मासा तव्यावर पडला, की समोरच्या सुशीलाबाई करंदीकर आपलं दार लावून घेतात. भांडण असं नाही. बारा ते दोन दार बंद आणि दोननंतर वाटीभर आमटीची देवाणघेवाण सुरू, असा दोन्ही घरांत न बोलता झालेला करार आहे.

जेवताना बद्रीनाथ आपल्या लहानपणचा मासा सांगत. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. गावच्या तळ्यात त्यांनी बांबूच्या काठीनं एक मासा काढला होता. पाचवीतल्या पूर्वानं तो मासा इतक्यांदा ऐकला होता, की त्याचे खवलेही तिला ओळखीचे झाले होते.

"माझ्या उंचीचा होता," बद्रीनाथ म्हणाले.

"मागच्या रविवारी खांद्याएवढा होता, आजोबा."

"मासा वाढतो बाळ."

"पकडल्यावर?"

"पकडल्यावरच जास्त वाढतो तो," पूर्वाच्या आजी हिराबाई भात वाढता वाढता म्हणाल्या.

पूर्वानं हात चाटून पुसला आणि शांतपणे सांगितलं, "मग मला एकदा पकडून दाखवा. सुट्टी संपायच्या आत. शाळा उघडली, की सुट्टीत काय केलं ते वर्गासमोर सांगायचं असतं. मी खरं तेच सांगणार."

हे शेवटचं वाक्य बद्रीनाथांनीच तिला शिकवलेलं होतं. मुलांना काही शिकवताना हा एक धोका असतो. ती शिकतात.

दुसऱ्याच दिवशी ते बुरूड आळीत गेले आणि लवचिक बांबू निवडून आले. निवडताना त्यांनी इतके बांबू वाकवून पाहिले, की दुकानदारानं विचारलं, "काका, काठी घ्यायचीय की व्यायाम करायचाय?" संध्याकाळी त्यांनी पूर्वाला गळ बांधायला शिकवलं. गळ म्हणजे तो वाकडा काटा, आणि त्याला दोरी अशी बांधायची, की ओढल्यावर गाठ आणखी आवळली पाहिजे. "वाईट गाठ ओढल्यावर सुटते," ते म्हणाले, "माणसांचंही तसंच असतं, पण ते तू मोठी झाल्यावर सांगीन." तरंगायला मोराच्या पिसाचा देठ लावला. तो पाण्यावर उभा राहतो. बुडाला, की समजायचं खाली कोणीतरी दार वाजवतंय. पूर्वा पहिल्याच संध्याकाळी गाठ मारायला शिकली. बद्रीनाथांचा ऊर भरून आला. उरलं होतं फक्त तळं.

तळंही सापडलं. खडकवासल्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत कुरणवाडीचं तळं आहे. तिथल्या मच्छीमारांची सहकारी संस्था त्यात माशांची पिल्लं सोडते, वाढवते, आणि हौशी लोकांना पावती देऊन गळ टाकू देते. आजोबा-नात रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षा असं करत तिथं पोचले. तळ्याच्या काठावर पाटी होती. पुण्याच्या हद्दीजवळची पाटी असल्यामुळे तिच्यात "कृपया" नव्हतं.

"गळ टाकण्यापूर्वी पावती घ्यावी. पोहू नये. बेकायदेशीर आमिष वापरू नये."

बद्रीनाथांनी पाटी दोनदा वाचली. मग डब्यातली कणीक बाहेर काढायला निघालेल्या पूर्वाला त्यांनी हातानं थांबवलं.

"बेकायदेशीर आमिष म्हणजे कोणतं, हे इथं लिहिलेलं नाही."

"मग?"

"मग विचारायचं. सूचना समजल्याशिवाय पेपर सोडवायला घेऊ नये."

राखणदार धोंडिबा पत्र्याच्या खोलीबाहेर खाटेवर विडी ओढत बसला होता. त्यानं पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि विचारलं, "कुटनं आला?"

"सिंहगड रस्ता. प्रियदर्शनी सोसायटी."

धोंडिबाची विडी ओठातच थांबली. मग त्यानं पायानं खाटेखालचं काहीतरी आणखी आत सरकवलं. स्टीलचं होतं, चकाकलं. भरारी पथकाच्या नजरेनं ते टिपलं. पाय हलला, की बाकाखाली काहीतरी असतं, हा त्या नजरेचा पहिला धडा.

"मला फक्त एक सांगा," बद्रीनाथ म्हणाले, "इथं कोणतं आमिष कायदेशीर आहे?"

"तुमी काय लावनार हाय?"

"तुम्ही सांगाल ते."

"तुमी आदी सांगा. मग मी सांगतो चालतंय का न्हाय."

"अहो, नियम आधी असतो, गुन्हा नंतर."

"आमच्याकडं गुन्हा आदी होतो," धोंडिबा म्हणाला. "तुमास्नी कुनी पाठीवलंय?"

"कोण पाठवणार? नातीला घेऊन आलोय."

धोंडिबानं पूर्वाकडं पाहिलं. हल्ली चौकशीला येणारे लोक बरोबर लहान मुलं आणतात की काय, असा विचार त्याच्या चेहऱ्यावरून सरकला. "बाईंनी तर न्हाय पाठीवलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणत्या बाईंनी?"

"कोनत्याच न्हाय. तुमी खात्याला इचारा. कायदा खात्याचा असतो. आन् एकादशी सोडून कवाबी या."

"एकादशीला काय असतं?"

"काय नसतं," धोंडिबा म्हणाला आणि पावतीपुस्तक मिटलं.

पूर्वाचं म्हणणं असं, की कणीक लावून टाकू, फार तर ते रागावतील. बद्रीनाथ म्हणाले, कॉपी करणारा प्रत्येक मुलगा नेमकं हेच म्हणतो. ते काठी, कणीक आणि पिसाचा देठ घेऊन आले तसे परत गेले. बसमध्ये बराच वेळ पूर्वा खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं अगदी सौम्य आवाजात विचारलं, "आजोबा, तुम्हाला मासे पकडता येतात ना?"

हा प्रश्न बद्रीनाथांच्या पोटात गळासारखा रुतला. गळाला उलटा काटा असतो. तो आत सहज जातो, बाहेर मात्र येत नाही.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. जिना चढताना तो आपोआप लागतो. तळमजल्यावरून आवाज आला, की कणकेत हिंग घाला. पहिल्या मजल्यावर कळलं, की हिंगानं मासे पळतात. दुसऱ्या मजल्यावर एकानं सांगितलं, की परदेशात रबराचा किडा मिळतो, तो कायदेशीर आहे, कारण तो किडाच नाही. शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. गांडूळ. गांडुळाला जगात कोणी बेकायदेशीर म्हटलेलं नाही. आणि सोसायटीकडे तर गांडूळखताचा प्रकल्पच होता.

प्रकल्प पंपाच्या खोलीमागे होता. विटांचा हौद, त्यावर फलक, फलकावर उद्घाटनाचा वाळलेला हार. या प्रकल्पामुळे सोसायटीला करात सवलत मिळते आणि सेक्रेटरी महिपतराव शिळीमकर यांना प्रत्येक सभेत भाषण मिळतं. दुसरा कोणी असता तर गुपचूप चार गांडुळं उचलून मोकळा झाला असता. बद्रीनाथांनी महिपतरावांची रीतसर परवानगी मागितली. इथंच त्यांची चूक झाली.

"गांडुळं? कशाला?"

"माशाला."

"गेल्या वर्षी एक माणूस आला होता," महिपतराव डोळे बारीक करून म्हणाले, "तोही म्हणाला सहज आलोय. नंतर कळलं तपासणीला आला होता."

"मी इथं राहतो, महिपतराव. तुमच्या डोक्यावर."

"तेच म्हणतोय. तुम्हाला कोणी पाठवलं?"

एकाच आठवड्यात दोन माणसांनी हा प्रश्न विचारल्यावर बद्रीनाथांनाही वाटू लागलं, की आपल्याला बहुधा कोणीतरी पाठवलं असावं. तरी त्यांनी हौदात खुरपं घातलं. माती निघाली, खाली वाळकी पानं निघाली, त्याखाली एक चिप्सचं पाकीट निघालं. गांडूळ एकही नव्हतं.

"ऊन आहे," महिपतराव म्हणाले, "खाली गेली असतील."

"खाली काँक्रीट आहे."

"मग सुट्टीला गेली असतील. त्यांनाही मुलंबाळं आहेत."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली: "प्रकल्पाच्या हौदात सभासदांनी हात घालू नये. गांडुळांना त्रास होतो." संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कोणीतरी लाल पेन्सिलीनं लिहिलं: "कोणत्या?" लाल पेन्सिल म्हटल्यावर सगळ्या इमारतीनं बद्रीनाथांकडे पाहिलं. त्यांनी शपथ घेऊन सांगितलं, की ते अक्षर माझं नाही. ते खरंही होतं. अक्षर हिराबाईंचं होतं.

या काळात पूर्वा दुपारची समोर सुशीलाबाईंकडे जाऊन बसत असे. सुशीलाबाईंचं एक व्रत होतं. कागदाच्या बारीक पट्टीवर "राम" लिहायचं, ती पट्टी कणकेत गुंडाळून गोळी वळायची, गोळ्या जिन्यात वर्तमानपत्रावर वाळवायच्या आणि पाण्यात माशांना घालायच्या. माशाच्या मुखी रामनाम, आपल्या पदरी पुण्य. सुरुवातीला बद्रीनाथांना त्या वाळत घातलेल्या गोळ्यांचाही संशय आला होता. त्यांना त्या कुठल्यातरी बिनपरवाना औषधाच्या वाटल्या होत्या. आता पूर्वा तिथं बसून गोळ्या वळत होती. काठी मात्र कोपऱ्यात उभी होती आणि सुट्टी सरत होती.

"गांडूळ मिळालं नाही म्हणून जायचं नाही, असंच ना आजोबा?" एकदा तिनं विचारलं. त्या "असंच ना" मध्ये जे होतं, ते भरारी पथकाला लगेच ओळखू आलं. उत्तर कोरं ठेवणाऱ्या मुलाकडे आपण पूर्वी असंच बघायचो.

ते तडक मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत गेले. तिथं चैताली नावाच्या तरुण अधिकारी होत्या. बद्रीनाथांनी विचारलं, की तळ्यात गळाला कायद्यानं काय लावता येतं. त्या एकदम ताठ झाल्या आणि चहा मागवला. सरकारी कचेरीत न मागता चहा आला, की समजावं, समोरच्याला आपण कोणीतरी वाटलो आहोत.

"सर, आपण माहिती अधिकारवाले का?"

"नाही. आजोबा आहे."

"ओके. म्हणजे कुठली संघटना?"

"संघटना नाही हो. मला फक्त आमिष कळून घ्यायचंय."

"सर, अ‍ॅक्च्युअली बेसिक क्लिअर आहे. स्फोटकं नाही, विष नाही, पाण्यात करंट सोडायचा नाही."

"पाचवीतल्या मुलीला घेऊन मी सुरुंग लावायला जात नाहीये. कणीक चालेल का?"

चैताली मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. इतक्या वर्षांत कोणी असा प्रश्न विचारला नसणार. कारण ज्यांना मासे पकडायचे असतात ते पकडतात, विचारत नाहीत. जो विचारतो, त्याला मासे नक्कीच नको असतात, काहीतरी दुसरंच हवं असतं. "कणकेचं त्या त्या तळ्याची संस्था ठरवते," त्या सावधपणे म्हणाल्या.

"संस्था म्हणते खात्याला विचारा."

"मग सर, लेखी द्या."

"लेखी" हा शब्द ऐकून बद्रीनाथांना जो आनंद झाला, तो त्यांच्या लग्नातल्या फोटोतही दिसत नाही. त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. खात्यानं तो संस्थेकडे धाडला आणि वर शेरा मारला, की अर्जदारास जागेवर बोलावून खुलासा करावा. तारीखही खात्यानंच ठरवली. सरकारी कॅलेंडरात सुट्ट्या ठळक असतात, तिथी बारीक अक्षरात. ती तारीख एकादशीची होती.

बद्रीनाथांना ते रिक्षात बसल्यावर आठवलं आणि त्यांचे कान टवकारले. धोंडिबा एकादशीलाच का नको म्हणाला होता, याचा उलगडा आज होणार. पूर्वा शेजारी काठी धरून बसली होती. शाळा सोमवारी उघडत होती. "आज नक्की ना?" तिनं विचारलं. "आज नियम कळणार," ते म्हणाले. पूर्वानं मान वळवली. तिनं विचारलं होतं वेगळंच.

तळ्यावर पोचले तर काठावर एक मिनीबस उभी. प्रियदर्शनी महिला भजनी मंडळ हातात डबे घेऊन उतरत होतं आणि सगळ्यांत पुढे सुशीलाबाई. त्यांच्यासमोर धोंडिबा दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्यामागे संस्थेचे अध्यक्ष सुखदेव, इस्त्रीचे कपडे घालून, चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीचा भाव घेऊन.

"पाण्यात काय बी टाकायचं न्हाय आज," धोंडिबा सांगत होता. "वरनं कागद आलाय. आमिषाची चौकशी हाय."

"अहो, हे आमिष नाही, रामनाम आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "दर एकादशीला घालतो आम्ही. आणि कोणाचा कागद?"

"परियदर्शनी सोसायटीचं मोटघरे म्हनून हायत."

सुशीलाबाई वळल्या. सगळं मंडळ वळलं. सुशीलाबाईंनी दुपारी बारा वाजता दार लावावं तसे ओठ मिटले. मग उघडले. "भावजी, रविवारच्या वासाचा विषय मी कधी काढला का? मग माझ्या गोळ्यांवर अर्ज कशाला?"

"वहिनी, तुमच्या गोळ्यांचं नावही नाही अर्जात. मी फक्त विचारलं, की बेकायदेशीर आमिष म्हणजे काय."

"मग यांना सांगा, की गोळी म्हणजे आमिष नव्हे."

आता गंमत अशी, की बद्रीनाथांना कोणी व्याख्या विचारली, की ते बाकीचं जग विसरतात. त्यांनी चष्मा पुसला. "आमिष म्हणजे, ज्याच्यामागे घालणाऱ्याचा काही हेतू असतो ते. वहिनी, तुमचा हेतू काय?"

"पुण्य."

"म्हंजी हेतू हाय की," धोंडिबा म्हणाला.

"माझ्या गोळीला गळ कुठंय?"

"गळ वर हाय म्हनायचं. सरगात."

भजनी मंडळात खळबळ झाली. कोणी म्हणालं हा अपमान आहे, कोणी म्हणालं मुद्दा बरोबर आहे. बद्रीनाथ दोन्ही हात वर करून सगळ्यांना क्रमानं बोलायला सांगत होते. त्याच वेळी पूर्वा त्यांच्या शर्टाचं टोक ओढत होती. "आजोबा, गळाला सुशीलाआजींची गोळी लावू का? आजोबा, लावू का?"

"हो, हो, थांब जरा," बद्रीनाथ म्हणाले आणि सुखदेवकडे वळले. "अध्यक्ष, वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. पाटी तुम्ही लावलीत. बेकायदेशीर आमिष म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा."

सुखदेवनं भजनी मंडळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "साहेब, जरा बाजूला या. कानात सांगतो."

"कानात नाही. कानात सांगितलेल्या उत्तरासाठी मी मुलांची वर्षं वाया घालवलीत. मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू द्या."

"साहेब, नका ऐकू."

"मोठ्यानं."

सुखदेवनं घाम पुसला. "हीच गोळी," तो म्हणाला. "माऊल्यांची. रामनामाची. या बाया धोंडिबाकडं डबा भरून ठेवतात, रोज थोडी घाला म्हणून. तळ्यातला मासा लहानपणापासून हेच खाऊन वाढला. आता त्याला दुसरं काही गोडच लागत नाही. गांडूळ टाका, कणीक टाका, हुंगून जातो. ही गोळी लावली, की काल काठी धरलेला माणूससुद्धा मासा काढतो. आणि हा धोंडिबा चहा पाजणाऱ्याला गोळ्या वाटत होता. तळं रिकामं व्हायला लागलं, म्हणून पाटी लावली. आता मला सांगा, पाटीवर ‘रामनामाची गोळी गळाला लावू नये’ असं लिहिलं असतं आणि माऊल्यांनी ते वाचलं असतं, तर?"

धोंडिबा आपल्या पायाच्या अंगठ्याचं निरीक्षण करत होता. सुशीलाबाई खोलीपाशी गेल्या, बाहेरच्या खाटेखालून स्टीलचा डबा ओढला आणि झाकण उलटं केलं. झाकणावर कोरलेलं होतं: सौ. सुशीला करंदीकर. लग्नात मिळालेल्या भांड्यांपैकी होता. बद्रीनाथांना वाटलं, आपला संशय खरा ठरला म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो कुठं दिसेना.

"आजोबा," काठावरून आवाज आला, "दार वाजतंय."

पिसाचा देठ पाण्यावर नव्हता. बांबू कमानीसारखा वाकला होता आणि पूर्वा दोन्ही पाय रोवून त्याला लटकली होती.

पुढं काय झालं ते प्रियदर्शनी सोसायटीत आजही सांगतात. बद्रीनाथ मोटघरे चपला टाकून धावले, आणि ज्या माणसानं पुण्यात इतकी वर्षं शुद्ध पुस्तकी मराठीखेरीज तोंड उघडलं नव्हतं, तो भंडाऱ्याच्या भाषेत बोलू लागला. "थांब वं बाई, काहून ओढून राहिली? ढील दे. दे ढील. जाऊ दे त्याले. दमू दे." त्यांनी काठी तिच्या हातातून घेतली नाही, मागे उभे राहून फक्त तिच्या मनगटाखाली आपला तळवा ठेवला. मासा आत गेला की तळवा खाली, मासा वळला की तळवा वर. भजनी मंडळ काठावर रांगेत उभं राहिलं. कोणीतरी नकळत चिपळ्या धरल्या होत्या, त्या ढील आणि ओढ यांच्या तालावर वाजू लागल्या. शेवटी एक रोहू चिखलात आडवा झाला. पूर्वाच्या हाताएवढा असेल, बोटांपासून कोपरापर्यंत.

धोंडिबा खाली बसला. त्यानं माशाचं तोंड उघडलं आणि आत पाहिलं. गळाला कणीक होती, कणकेतून कागदाचं टोक डोकावत होतं. सगळ्यांनी ते पाहिलं.

"पूर्वा," बद्रीनाथ पुन्हा पुस्तकी मराठीत आले, "हे काय?"

"मी विचारलं होतं, आजोबा. तुम्ही हो म्हणालात."

"म्हनाले," धोंडिबा म्हणाला. "म्या ऐकलं."

मंडळातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आयुष्यात ज्यानं हजार मुलांना रंगेहाथ धरलं, तो आज भर एकादशीला, साक्षीदारांसमोर, नियमाचा अर्थ मोठ्यानं वाचून घेतल्यानंतर काही क्षणांत सापडला होता. बद्रीनाथांनी काठीची दोरी गुंडाळली आणि ती दोन्ही हातांनी सुखदेवपुढे धरली. "जप्त करा."

"साहेब, काठी घेऊन जा," सुखदेव म्हणाला. "फक्त लेखी काही मागू नका."

पूर्वा मात्र सुखदेवकडे पाहत होती. "काका, तुम्ही म्हणालात, या गोळीनं कोणालाही मासा मिळतो. मग आजोबांना येतं की नाही, ते कळलंच नाही."

उत्तर धोंडिबानं दिलं. "गोळीनं लागतो, पोरी. भाईर काढाया हात लागतो. त्यो तुज्या आज्याचा खरा हाय."

बद्रीनाथांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. या वेळी तो स्वच्छच होता.

मासा सोडायचा, हे न बोलताच ठरलं. पूर्वानं गळ अलगद सोडवला आणि मासा स्वतः निघून जाईपर्यंत पाण्यात धरून ठेवला. सुशीलाबाई डबा पोटाशी धरून बघत होत्या. काहीतरी जुळवत असल्यासारख्या त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"धोंडिबा, या तळ्यातला मासा विकायला कुठं जातो?"

"खडकवासल्याच्या रस्त्याला. एक बाई बसती टोपली घेऊन."

सुशीलाबाईंनी बद्रीनाथांकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग सावकाश खाली, शर्टाची बटणं जिथं ताणली होती तिथं. "तरीच म्हटलं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं गोळ्या घालतेय, पुण्य जातं कुठं."

त्यानंतरच्या रविवारी मोटघऱ्यांकडे मासा तव्यावर पडला, पण समोरचं दार लागलं नाही. सुशीलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काटे नीट काढून खा. आत नाव असतं." बद्रीनाथांनी प्रत्येक घास उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्यांदाच मासा खाताना मनातल्या मनात हात जोडले.

सोमवारी पूर्वा शाळेतून आली ती बोलतच. वर्गात सांगून झालं होतं, आता ती जिन्यात महिपतरावांना सांगत होती. बद्रीनाथ दारामागे वर्तमानपत्र धरून उभे होते.

"केवढा होता?" महिपतरावांनी विचारलं.

"माझ्या कमरेएवढा," पूर्वा म्हणाली.

वर्तमानपत्र हललं. भरारी पथकाची नजर कागदाच्या वर आली, नातीवर क्षणभर थांबली, आणि मग, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या बाकाकडे वळली.